रंगमंचाचे दार उघडले, गुरूच्या खुर्चीचे काय?

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. हे पत्र चळवळीतील वाचकांना ठाऊक आहे. त्याच वर्षी, १५ मे रोजी, न्यूयॉर्क सिटी ऑपेराच्या रंगमंचावर कॅमिला विल्यम्स ही २६ वर्षांची कृष्णवर्णीय तरुणी उभी राहिली. पुच्चिनीच्या 'मादाम बटरफ्लाय'मधील नायिकेची भूमिका तिची होती. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या ऑपेरा कंपनीने कृष्णवर्णीय स्त्रीशी नियमित करार करण्याची ही पहिलीच वेळ.

नायिका जपानी. गोऱ्या गायिका तोंडाला रंग फासून वर्षानुवर्षे जपानी होत होत्या, त्याचे कोणाला काही वाटले नाही. प्रश्न उभा राहिला तो काळ्या कातडीच्या बाईने ती भूमिका करण्याचा!

कॅमिला विल्यम्स यांचा जन्म १९१९ चा, व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल गावचा. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांची १८६५ मधली शेवटची राजधानी ती हीच. वडील दुसऱ्याची मोटार चालवीत, आई लोकांच्या घरी कामाला जाई. गाणे घरात होते, चर्चमध्ये होते. पण ऑपेराचे गाणे निराळे. तिथे ध्वनिक्षेपक नसतो. पन्नास-साठ वाद्यांच्या वर चढून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, तोही परक्या भाषेत. स्त्रीच्या आवाजाची सर्वांत उंच पट्टी म्हणजे सोप्रानो. या आवाजाला तर श्वासाची शिस्त वर्षानुवर्षे कमवावी लागते. ती गुरूशिवाय येत नाही, आणि गुरू होता गोऱ्यांच्या कॉलेजात.

वेल्समधून आलेले एक शिक्षक त्या कॉलेजात गाणे शिकवीत. काळ्या मुलींना तिथे पाऊल ठेवता येत नव्हते. म्हणून कॅमिला आणि आणखी काही मुलींची शिकवणी एका खाजगी घरात चाले. विद्या तीच, शिक्षक तोच, उंबरठा मात्र वेगळा. शाळेच्या दाराबाहेर बसून शिकलेल्या आपल्या वाडवडिलांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९४१ मध्ये पदवी घेऊन कॅमिला यांनी गावात शिक्षिकेची नोकरी केली. पुढे फिलाडेल्फियात गाणे शिकताना नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम केले. मेरियन अँडरसन यांच्या नावाचा पुरस्कार त्यांना १९४३ आणि १९४४ असा दोनदा मिळाला. या अँडरसनबाईंना १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिले नव्हते. मग त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या आणि ७५ हजार लोकांनी ऐकले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच पायऱ्यांपाशी सुमारे अडीच लाखांचा मोर्चा जमला. राष्ट्रगीत अँडरसन म्हणणार होत्या, पण गर्दीत अडकल्या. ऐनवेळी कॅमिला यांनी ते म्हटले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाजलेले भाषण त्याच दिवसाचे.

एवढ्यावर बहुतेक लेख थांबतात. खरी गोष्ट पुढेच आहे. रंगमंच १९४६ ला मिळाला. इंडियाना विद्यापीठाच्या संगीत विद्यालयात आवाजाच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली १९७७ ला. मधली ३१ वर्षे कशाची? गाणाऱ्याला टाळ्या देणे प्रस्थापितांना परवडते. टाळ्या संपल्या की तो घरी जातो. शिकवणारा मात्र जात नाही. शुद्ध काय, अशुद्ध काय, कोणाला प्रवेश द्यायचा, कोणाला नापास करायचे, हे तो ठरवतो. म्हणून ते दार सर्वांत शेवटी उघडते.

आपल्याकडे जलसाकारांनी आणि भीमशाहिरांनी गावेच्या गावे जागवली. जयंतीला त्यांना हार पडतात. विद्यापीठांच्या संगीत विभागात, परीक्षकांच्या यादीत त्यांची मुले-नातवंडे किती, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते मोजून पाहावे.

कॅमिलाबाईंनी इंडियानात २० वर्षे शिकवले. मध्ये १९८३ साली बीजिंगच्या मध्यवर्ती संगीत विद्यालयातही त्या शिकवून आल्या. १९९७ मध्ये निवृत्त झाल्या, २०११ मध्ये आत्मचरित्र आले आणि २९ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्याच विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनला त्यांचे निधन झाले.