चाक का रुतते?

तुळजापूरचे शारदीय नवरात्र येते ते पावसाळा सरता सरता. कोजागिरीच्या सुमारास धाराशिव, सोलापूर, लातूर, शिवाय कर्नाटकातूनही भाविक पायी येतात. काळी माती अजून ओलीच असते. चालणारे चिखल तुडवून पुढे जातात. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस मात्र तिथेच अडतो. असे का?

साधी चाकाची खुर्ची गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली असते. मागची चाके सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाची, पुढची फिरती चाके जेमतेम २० सेंटिमीटरची. समजा, माणूस व खुर्ची मिळून १०० किलो भरले आणि त्यातले ३० किलो पुढच्या दोन चाकांवर आले. प्रत्येक चाक जमिनीला ५ चौरस सेंटिमीटर टेकत असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो भार पडतो. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर हाच भार ०.४ किलो येतो. चाक रुतते ते म्हणूनच.

आता वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असे समजू. आसाला आडवे ओढून चाक त्यावर चढवायचे, तर ६० सेंटिमीटरच्या चाकाला त्यावरील वजनाच्या दोन-तृतीयांश बल पुरते. २० सेंटिमीटरच्या चाकाला मात्र वजनाच्या पावणेदोन पट बल लागते! दगड १० सेंटिमीटरचा असेल, तर लहान चाक असे ओढून चढणारच नाही. म्हणून जाणते मदतनीस खुर्ची किंचित मागे कलवून पुढची चाके उचलून धरतात.

पण दरवेळी मदतनीस का लागावा? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एमोस विंटर व सहकाऱ्यांनी खडबडीत वाटांसाठी तरफेवर चालणारी तीनचाकी खुर्ची तयार केली. जयपूर फूट बसवणाऱ्या जयपूरच्या संस्थेचेही त्यांना सहकार्य होते. या खुर्चीत सायकलचे भाग वापरले आहेत आणि पुढचे एकच चाक बरेच पुढे बसवले आहे. चढावर वा चिखलात तरफ वरच्या टोकाशी धरायची, म्हणजे बल वाढते. सपाटीवर खाली धरायची, म्हणजे वेग वाढतो. गिअर बदलतो तो हाताच्या जागेने.

खुर्ची बदलता येत नसेल, तर जमीन बदलता येते. मांडवात जाड फळ्या सलग अंथरल्या की भार पसरतो. उंचवट्याला १ ला १२ असा उतार द्यावा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. १०० किलो वर न्यायला, घर्षण सोडल्यास, साधारण ८ किलो वजनाइतके बल लागते. लांबी निम्मी केली, तर ते १६ किलोंवर जाते. तुळजाभवानीच्या देवळात पायऱ्या उतरून जावे लागते. अशा ठिकाणी ३ मीटर उंचीला ३६ मीटर उतार हवा, मध्ये विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. एवढी जागा आयत्या वेळी सापडत नाही; ती आधीच आखावी लागते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात, अशी जबाबदारी त्याने घातली आहे. ती पुरी होते की नाही, हे फूटपट्टीने पाहता येते. शाळेच्या स्नेहसंमेलनाआधी विद्यार्थ्यांना फाटकापासून व्यासपीठापर्यंतची प्रत्येक पायरी, खड्डा आणि उतार मोजायला सांगा. वर्गातला एखादा मित्र व्यासपीठावर स्वतःहून पोहोचेल की त्याला उचलून न्यावे लागेल, हे त्या आकड्यांवरून कळेल. आणि दुरुस्ती कुठे करायची तेही.