अंगणांतली दुर्बीण

दुर्बीण पाहावयास मिळाली कीं बहुतेक माणसें पहिला प्रश्न एकच विचारतात: ‘हिच्यांतून वस्तु किती पट मोठी दिसते?’ प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु तो दुय्यम आहे. दुकानांतल्या खोक्यावर ‘पांचशें पट’, ‘सातशें पट’ असे आंकडे छापलेले असतात. त्या आंकड्यांवर भाळून हौसेनें आणलेली दुर्बीण महिन्याभरांत माळ्यावर जाते, आणि घरांतला मुलगा किंवा मुलगी आकाशाकडे पाठ फिरविते. दुर्बिणीकडून काय मागावें आणि डोळ्याला काय शिकवावें, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें. तेवढें कळलें, तर लहानशा दुर्बिणीनेंही वर्षानुवर्षें पुरेल एवढें धन हातीं लागतें.

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांना या छंदासाठीं लागणारी सामग्री निसर्गानें विपुल दिली आहे, पण तिची वांटणी पावसाच्या उलट आहे. पश्चिमेकडे महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. ज्या कोरड्या हवेनें माणदेशच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या रडविलें, तीच हवा रात्रीं तारे लखलखीत दाखविते. जून ते सप्टेंबर हे महिने आकाश पाहणाऱ्यानें पुस्तक वाचण्यांत घालवावेत. ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा काळ त्याचा. कृष्णाकाठच्या गांवांत थंडींत पहांटे धुकें दाटतें, म्हणून तेथें दिवेलागणीनंतरचे दोन प्रहर अधिक उपयोगाचे.

आकाश स्वच्छ असलें म्हणजे झालें, असें मात्र नाहीं. चंद्र आणि ग्रह पाहण्यासाठीं हवा स्थिर लागते. चुलीवरच्या वाफेतून पलीकडची भिंत जशी थरथरतांना दिसते, तशीच तापलेल्या हवेंतून ग्रहाची चकती थरथरते. सिमेंटची गच्ची दिवसभर ऊन पिते आणि अर्ध्या रात्रीपर्यंत तें ओकत राहते. म्हणून उंच गच्चीपेक्षां मातीचें अंगण किंवा हिरवळ पुष्कळदां बरी ठरते. दुर्बीणही घरांतून आणल्याबरोबर डोळ्याला लावूं नये. अर्धा तास ती बाहेर ठेवून थंड होऊं द्यावी. ज्या घरानें एवढें पथ्य पाळलें, त्या घरांतली साधी दुर्बीणही शेजारच्या भारी दुर्बिणीला मागें टाकते.

आतां त्या ‘किती पट’ प्रश्नाकडे वळावें. दुर्बीण मुख्यतः दोन कामें करते: ती प्रकाश गोळा करते आणि बारीक तपशील वेगळा करून दाखविते. ही दोन्ही कामें तिच्या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असतात. अंधारांत माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. सत्तर मिलिमीटरचें भिंग त्याच्या शंभरपट प्रकाश घेतें, आणि दीडशें मिलिमीटरचा आरसा साडेचारशें पटींहून अधिक. कितीपट मोठें दाखवावयाचें, हें तर डोळ्याजवळचें छोटें भिंग बदलून ठरवितां येतें. मुख्य आरशाचें नाभीय अंतर बाराशें मिलिमीटर आणि नेत्रभिंगाचें दहा मिलिमीटर असेल, तर प्रतिमा एकशेंवीस पट मोठी. सर्वसाधारण नियम असा कीं, तोंडाच्या दर मिलिमीटरला दोन पटींच्या पुढें जाऊं नये. सत्तर मिलिमीटरच्या दुर्बिणीची मर्यादा एकशेंचाळीस पट. खोक्यावर सातशें छापलें असलें, तरी एकशेंचाळीसच्या पुढें हातीं लागतो तो केवळ मोठा झालेला धूसरपणा. आणि बैठक डुगडुगती असेल, तर सर्वच व्यर्थ. बोट लागतांच ग्रह नजरेबाहेर उडतो. तेव्हां पैसे वांचवावयाचे असतील तर ते नळीच्या रंगावर आणि जादा भिंगांवर वांचवावेत, तिपाईवर वांचवूं नयेत.

दुर्बीण विकतच घेतली पाहिजे असेंही नाहीं. न्यूटननें १६६८ मध्यें आरशाची पहिली दुर्बीण स्वतःच्या हातानें बनविली. अमेरिकेंत १९२० नंतर व्हरमाँट परगण्यांतल्या स्प्रिंगफील्ड गांवीं रसेल पोर्टर यांनीं कारखान्यांतल्या कामगारांना आरसे घासावयास शिकविलें, आणि तेथून ही विद्या घरोघर पसरली. तिची रीत सांगावयास सोपी आहे. कांचेच्या दोन जाड चकत्या घ्यावयाच्या, मध्यें कार्बोरंडमची पूड व पाणी घालून एकीवर दुसरी घासावयाची. वरची चकती हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. पूड अधिकाधिक बारीक करीत जावयाचें, शेवटीं डांबरासारख्या राळेच्या थरावर झिलई द्यावयाची. पृष्ठभाग मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापर्यंत बिनचूक यावा लागतो. आणि हें मोजावयास फ्रेंच शास्त्रज्ञ फूको यांनीं १८५८ मध्यें शोधलेली पद्धत पुरते, तिला दिवा आणि दाढीचें पातें एवढेंच साहित्य लागतें. पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेनेंही हौशी लोकांसाठीं अशा कार्यशाळा घेतल्या आहेत. १९८८ मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक जयंत नारळीकर. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, म्हणजे सांगलीच्या शेजारचा.

दुर्बीण सिद्ध झाली कीं पहिला मान चंद्राचा. येथें बहुतेक घरांत एक चूक होते. कोजागिरीला दूध आटतें, गच्चीवर मंडळी जमतात आणि त्याच रात्रीं दुर्बीण बाहेर निघते. पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या अगदीं समोरून प्रकाश टाकतो. सावल्या नाहींशा होतात, आणि सावली नाहीं तेथें उंचसखल कळत नाहीं. भर दुपारीं डोंगर सपाट दिसतो आणि संध्याकाळीं त्याची प्रत्येक घळ उठून दिसते, तोच हा न्याय. चंद्रावर पाहावयाचें तें उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. ही सीमा रोज पुढें सरकते. आणि ती कोठें आहे हें सांगावयास घरांतलें पंचांगच पुरतें.

शुद्ध षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना या तीन विवरांची ओळ सीमेवर येते. अष्टमीला अपेनाइन पर्वताची रांग उजळते. तिचीं शिखरें पांच किलोमीटरपर्यंत उंच, म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून अधिक. याच रांगेच्या पायथ्याशीं जुलै १९७१ मध्यें अपोलो १५ चे प्रवासी उतरले. नवमीला दक्षिणेकडे ‘सरळ भिंत’ नांवाची एक काळी रेघ दिसते. ती सुमारें ११० किलोमीटर लांब आहे. एक टोक साताऱ्यास ठेवलें तर दुसरें सांगलीस टेकेल. नांव भिंतीचें असलें तरी तो अडीचशें-तीनशें मीटरांचा उतार आहे. एवढीशी उंची चार लक्ष किलोमीटरांवरून दिसण्याजोगी नाहीं. दिसते ती कलत्या उन्हांत लांबवर पडलेली तिची सावली. वद्य अष्टमीला ऊन दुसऱ्या बाजूनें येतें, तेव्हां मध्यरात्रीनंतर पाहणाऱ्याला तीच रेघ पांढरी दिसते. दशमीला कोपर्निकस हें ९३ किलोमीटर रुंदीचें विवर पायऱ्यापायऱ्यांच्या कांठांसह उघडतें. आणि पौर्णिमेलाही एक गोष्ट पाहण्याजोगी उरते: दक्षिणेकडच्या टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे, ज्यांतले कांहीं दीड हजार किलोमीटरांहून लांब जातात.

चंद्रानंतर ग्रह. येथें आधीं एक सावधगिरी हवी. छापील चित्रांत गुरु व शनि रंगीत आणि ताटाएवढे दिसतात. तीं चित्रें अंतराळयानांनीं घेतलेलीं असतात. दुर्बिणींत पहिल्या क्षणीं दिसते ती वाटाण्याएवढी फिकट चकती. जो तेवढ्यावर उठतो त्याला कांहींच मिळत नाहीं. जो पाव तास डोळा लावून बसतो, त्याला हवा क्षणभर स्तब्ध होतांच गुरूच्या अंगावरचे दोन करडे पट्टे लखकन्‌ दिसतात. पुन्हां धूसर, पुन्हां स्पष्ट. अशा क्षणांची बेरीज करावयास डोळ्याला शिकवावें लागतें.

गुरूचे चार चंद्र गॅलिलिओनें जानेवारी १६१० मध्यें पाहिले. त्याची दुर्बीण आजच्या शाळकरी दुर्बिणीपेक्षां पुष्कळच कच्ची होती. कोणाही विद्यार्थ्यानें महिनाभर रोज रात्रीं वहींत एक चकती आणि चार ठिपके काढावेत. सर्वांत जवळचा आयो पावणेदोन दिवसांत फेरी करतो, सर्वांत दूरचा कॅलिस्टो पावणेसतरा दिवसांत. अंतरें आणि काळ मांडून पाहिले, तर केप्लरचा नियम पुस्तकांतून उठून वहींत येतो.

शनीचें कडें तीस-चाळीस पटींतही ओळखूं येतें. मार्च २०२५ मध्यें त्या कड्याची धार पृथ्वीकडे आली आणि तें जवळजवळ नाहींसें झालें. त्यानंतर तें वर्षागणिक उघडत जातें, आणि सुमारें २०३२ पर्यंत पुरतें उघडेल. जें मूल आरंभींच चित्र काढावयास लागेल, त्याच्या वहींत हा सारा उलगडा उतरेल. शुक्र चंद्राप्रमाणें कला दाखवितो. त्याची बारीक कोर पाहून मोठीं माणसेंही चकित होतात. मंगळ सव्वीस महिन्यांनीं जवळ येतो, पण प्रत्येक वेळीं सारखा जवळ नाहीं. ऑगस्ट २००३ मध्यें तो फार जवळ आला होता. जुलै २०१८ मध्येंही आला, पण त्या वेळीं ग्रहभर धुळीचें वादळ उठून त्याचा चेहरा झांकला गेला. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळीं गुरु व शनि एकमेकांच्या इतके जवळ आले कीं दोघे एकाच दृष्टिक्षेत्रांत मावले. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते.

सूर्याच्या बाबतींत मात्र सक्त मनाई. उघड्या दुर्बिणींतून सूर्याकडे पळभर पाहिलें तरी डोळा कायमचा जातो. डोळ्याजवळ बसवावयाच्या काळ्या कांचा उष्णतेनें तडकतात. त्या वापरूं नयेत. सूर्य पाहावयाचाच असेल, तर प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडावी, आणि तेव्हांही मुलांना एकटें सोडूं नये.

या छंदाला महाराष्ट्रांत जुना आधार आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत कावसजी नायगमवाला यांनीं भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून वेधशाळा उभी केली. तिच्यांत वीस इंची आरशाची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गावरून कऱ्हाडच्या परिसरावरून जेऊरकडे गेली. विजयदुर्गास इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर होते आणि जेऊरला नायगमवाला. १९१२ मध्यें ते सेवानिवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या खांद्यावर उभें असलेलें काम त्याच्याबरोबर उठलें. उलट १९४४ मध्यें पुण्यांत हौशी मंडळींनीं स्थापन केलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेजवळ तसें राजेशाही यंत्र नव्हतें, पण ती टिकली. कारण तिच्यामागें अनेकांचे डोळे होते.

हौशी डोळ्याला कमी लेखूं नये. ऑगस्ट १९३३ मध्यें शनीवरचा मोठा पांढरा डाग पाहिला तो विल हे या इंग्रज विनोदी नटानें, सहा इंची दुर्बिणींतून. जुलै २००९ मध्यें गुरूवर कांहींतरी आदळल्याची काळी खूण प्रथम दिसली ती ऑस्ट्रेलियांतल्या अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला, त्याच्या घराच्या अंगणांतून. दोघांनाही तो ग्रह आदल्या रात्रींपर्यंत कसा दिसत होता, हें ठाऊक होतें. म्हणून नवें काय, तें ओळखतां आलें. हा ठाऊकपणा विकत मिळत नाहीं. तो वहींत जमतो: तारीख, वेळ, हवा कशी, किती पट, आणि ओबडधोबड कां होईना, पण स्वतः काढलेलें चित्र.

चंद्र आणि ग्रह तेजस्वी असल्यानें शहराच्या झगमगाटांतही दिसतात. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथल्या कोणत्याही घरानें आरंभ करावयास हरकत नाहीं. परंतु आकाशगंगेचा पट्टा शहरांतून दिसेनासा होत आहे, आणि आतां पूर्वेकडच्या खेड्यांतही रात्रभर जळणारे पांढरे दिवे पोहोंचले आहेत. दिव्यावर टोपी बसविली आणि उजेड खालीं पाडला, तर रस्ताही उजळतो व आकाशही राहतें. हें सुचावयास मात्र आकाश एकदां पाहिलेलें असावें लागतें. शुद्ध षष्ठीची संध्याकाळ दर महिन्याला येते. त्या दिवशीं माळ्यावरची दुर्बीण खालीं उतरवावी, अर्धा तास अंगणांत निवूं द्यावी, आणि पहिल्यानें मुलाला पाहूं द्यावें.