मागचं सस्पेन्शन कडक करताय? आधी हे गणित बघा

सांडोरहून बोलतोय. आजचा विषय आहे कॉइलओव्हर आणि चॅसिस ब्रेस, तेही फक्त गाडीच्या मागच्या बाजूचे. गणित आणि आकडे ऐकताना निसटतात, म्हणून हा भाग लिहूनही देतोय.

उदाहरणाला माझीच गाडी घेऊ. चाकणमध्ये बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. 1.2 लिटर टर्बो, 105 पीएस, 175 न्यूटन मीटर. 2022मध्ये पोलोचं भारतातलं उत्पादन थांबलं, पण सेकंडहँड बाजारात तिला आजही भाव आहे. आणि ती घेतली की पोरांच्या डोक्यात पहिला किडा येतो, ‘भावा, गाडी खाली बसवू आणि मागून कडक करू.’

कॉइलओव्हर म्हणजे नक्की काय?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप, म्हणजे डॅम्पर, त्या स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवतो. शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवली आणि खाली आटे असलेली रिंग दिली की झाला कॉइलओव्हर. रिंग फिरवा, गाडी वर-खाली. महागड्या किटमध्ये डॅम्पिंगही क्लिकने बदलता येतं.

आता गंमत बघा. पोलोच्या मागे ट्विस्ट बीम आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच पिळणाऱ्या आडव्या बीमने जोडलेली. तिथे स्प्रिंग वेगळी बसते आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे ‘कॉइलओव्हर किट’ घेतलं तरी मागे मिळते वेगळी स्प्रिंग, तिच्या उंचीचा ॲडजस्टर आणि वेगळा शॉकअप. नाव कॉइलओव्हर, पण मागे तसं काही नसतं. ऑक्टाव्हिया व्हीआरएसला मागे मल्टिलिंक आहे. ती खाली बसवली की मागच्या चाकांचा कॅम्बर बदलतो आणि अलाइनमेंट नव्याने करावी लागते. पोलोत मागचा कॅम्बर फारसा हलत नाही, पण तो ॲडजस्टही होत नाही.

आकड्यांत बोलू

समजा मागच्या एका चाकावर गाडीचं 200 किलो वजन आहे आणि स्प्रिंगचा रेट 20 न्यूटन प्रति मिलिमीटर. सूत्र शाळेतलंच. रेटला वजनाने भागा, वर्गमूळ काढा, 2π ने भागा. उत्तर येतं 1.6 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दीड-एक हेलकावे. घरगुती गाड्या साधारण 1 ते 1.5च्या आसपास असतात, स्पोर्टी गाड्या 2पर्यंत जातात. आता 45ची स्प्रिंग टाका. उत्तर 2.4 हर्ट्झ. हा ट्रॅकवरच्या गाडीचा आकडा झाला. मागच्या सीटवर आई-बाबा असतील तर प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेला कळेल.

दुसरी गोष्ट. स्प्रिंग सव्वादोन पट कडक झाली की शॉकअपही दीड पट ताकदीचा लागतो, कारण हे नातं वर्गमुळाचं आहे. म्हणून जुन्या शॉकअपवर कडक स्प्रिंग लावली की गाडी टणाटण उडते. आणि ‘स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, पाचशे रुपये’ हा जुगाड तर विसराच. कापलेली स्प्रिंग कडकही होते आणि आपल्या जागेवर नीट बसतही नाही.

खाली बसवली की काय जातं?

पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स सुमारे 165 मिलिमीटर. 40ने खाली घेतली की उरले 125. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 100 मिलिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा. आपल्या गल्ल्यांतले ब्रेकर तसे असतात का, ते तुम्हीच सांगा. अरुंद आणि टोकदार ब्रेकरवर, चार माणसं बसलेली असताना, 125 काहीच नाही.

आणि खरं नुकसान पोट घासण्यापेक्षा मोठं आहे. चाकाला वर जायला जी जागा होती, त्यातले 40 मिलिमीटर गेले. मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन बंप स्टॉपवर आपटतं. बंप स्टॉप म्हणजे एका क्षणात प्रचंड कडक होणारी स्प्रिंग. वळणावर असं झालं की त्या चाकाची पकड अचानक सुटते.

मागून कडक म्हणजे स्वभाव बदलला

आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा.

वळणावर वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. पुढचा आणि मागचा एक्सल, यांपैकी जो जास्त कडक, तो या वजनबदलाचा जास्त वाटा उचलतो. आणि टायरचा नियम असा की भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे एका चाकावर खूप भार आणि दुसऱ्यावर कमी, असं झालं की त्या एक्सलची एकूण पकड घटते.

पोलो पुढच्या चाकांवर चालते, कंपनीने ती मुद्दाम अंडरस्टिअर ठेवलीय. जास्त वेगात वळलात तर नाक बाहेर जातं, तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, गाडी सावरते. मागची बाजू कडक केली की नाक पटकन वळतं. मजा येते, खोटं नाही बोलणार. पण आता घोडबंदरच्या घाटात, जुलैच्या पावसात, वळणाच्या मध्येच समोर ट्रक थांबलेला दिसला आणि तुम्ही घाबरून पाय काढला. वजन पुढे आलं, मागची चाकं हलकी झाली, आणि शेपूट सुटलं. आधी जी सवय तुम्हाला वाचवत होती, तीच आता गाडी फिरवते. ओल्या रस्त्यावर हे सगळं कमी वेगातच होतं.

मग ब्रेसचं काय?

बुटांचा खोका घ्या. झाकण काढलं की तो पिळता येतो. हॅचबॅकला मागे मोठं दार असतं, म्हणून बॉडी तिथे थोडी पिळते. मागच्या दोन शॉकअपच्या वरच्या जागा जोडणारा दांडा हे पिळणं कमी करतो.

पण किती? बॉडीही एक स्प्रिंगच आहे, खऱ्या स्प्रिंगला एकामागे एक जोडलेली. बॉडी तुमच्या स्प्रिंगच्या 10 पट कडक धरली, तर एकूण रेट फक्त 9 टक्क्यांनी घटतो. मूळ स्प्रिंग ठेवून ब्रेस लावला तर त्या 9 टक्क्यांतला काही भाग परत मिळतो, बस. स्प्रिंग जितकी कडक, तितका ब्रेसचा उपयोग जास्त. म्हणून ब्रेस हा शेवटचा खर्च. बोल्टने बसणारा घ्या, बॉडीला वेल्डिंग नको.

खर्चाआधी फोन आणि टेप काढा

एक, मागच्या चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डिकीत, जमेल तितकं एक्सलच्या वर, 80 किलो वजन ठेवा, गाडी दोनदा हलवा, परत मोजा. प्रत्येक चाकावर 40 किलो, म्हणजे 392 न्यूटन. गाडी 20 मिलिमीटर बसली तर रेट साधारण 20.

दोन, मागचा कोपरा दाबून सोडा आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. गाडी वर येऊन लगेच शांत झाली तर ठीक. दोन-तीन वेळा डोलली तर शॉकअप गेला.

तीन, जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या सेन्सरने कंपनांचा आलेख देतं. फोन डिकीत घट्ट चिकटवा, शेजारी मित्राला बसवा आणि रोजच्या रस्त्याचं रेकॉर्डिंग करा. बदल केल्यावर तोच रस्ता, तोच वेग.

माझा क्रम असा. आधी चांगले टायर आणि बरोबर हवा. मग नवे शॉकअप आणि बुश. मग अलाइनमेंट. त्यानंतरही गाडी लोळते असं वाटलं तर थोडी कडक स्प्रिंग, उंची 15-20 मिलिमीटरपेक्षा जास्त न उतरवता. ब्रेस शेवटी. माझ्या पोलोत मी दुसऱ्या पायरीवरच थांबलोय आणि अर्धी तक्रार तिथेच संपली.

वसईकरांसाठी एक जादा मुद्दा. इथली हवा खारी आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी. कॉइलओव्हरचे आटे साफ करून त्यांना ग्रीस लावलं नाही, तर रिंग जाम होते आणि ज्या ॲडजस्टमेंटसाठी पैसे मोजले तीच जाते.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ तपशिलाविरुद्ध बदल करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हेच ठणकावलं. कलम 182ए नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून किट मागवण्याआधी आपल्या एमएच 48च्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. अपघातानंतर क्लेम अडकला तर गॅरेजवाला मदतीला येणार नाही.

रविवारी सकाळी टेप घेऊन डिकी उघडा, तुमच्या गाडीचा रेट काढा आणि आकडे व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या तीन गाड्यांचं गणित एकत्र करू. भेटू!