एक गाव, एक नाव, एक संकेतांक

कर्जत नावाचा तालुका रायगड जिल्ह्यात आहे, तसाच तो अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. गावांच्या बाबतीत तर एकाच नावाची दोन गावे ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ या शब्दांनी वेगळी ओळखली जातात. कागदावर ‘बुद्रुक’ लिहिले काय किंवा ‘बु.’ लिहिले काय, वाचणाऱ्यास अर्थ कळतो. संगणकास तो कळत नाही. अक्षर बदलले की त्याच्या लेखी गावच बदलते.

यातून होणारी हानी लहान नाही. दोन याद्या जुळविताना असे गाव एक तर गळते, नाही तर दोनदा मोजले जाते. गाव गळले की तेथील शाळेची मागणी व निराधार वृद्धेचे अनुदानही अडते.

रकान्यांची नावे

हीच शिस्त तक्त्यांतील रकान्यांना व आज्ञावलींनाही लागू आहे. एका तक्त्यात ‘गाव’, दुसऱ्यात ‘ग्राम’ व तिसऱ्यात ‘मौजे’ असे शीर्षक असल्यास तिन्ही जोडण्याचे काम विनाकारण वाढते. नुसते ‘दिनांक’ असे लिहिल्यास तो जन्माचा की नोंदणीचा, हे बदलून आलेल्या कर्मचाऱ्यास उमगत नाही. ‘जन्मदिनांक’ हे नाव स्वतःच खुलासा करते.

नावाला अंकांची जोड

सारख्या नावांचा आणि भिन्न लिपींचा हा प्रश्न टपाल खात्यापुढे पूर्वीच उभा राहिला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिन कोड पद्धती सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्या खात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृत कवी होते. पुढे २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी स्थायी संकेतांक देण्यात आला. नावे बदलतात, २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. संकेतांक कायम राहिल्यास जुन्या व नव्या नोंदींचा दुवा तुटत नाही.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नावांची एकच अधिकृत यादी, लेखनाचे लिखित नियम आणि प्रत्येक नोंदीत नावासोबत संकेतांक, एवढे पथ्य प्रत्येक कार्यालयाने, शाळेने व ग्रामपंचायतीने पाळले पाहिजे. नोंद अचूक असेल, तरच योजना योग्य दारी पोहोचेल.