विश्लेषण : मंत्रचळ असलेल्यांची झोप का लांबते?

अंथरुणावर पडल्यावर 'दाराला कडी लावली ना?' असे कुणालाही वाटू शकते. एकदा उठून पाहिले की बहुतेकांचे समाधान होते. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी, असलेल्या व्यक्तीचे होत नाही. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. नको असलेला विचार वारंवार येतो आणि त्यामुळे वाटणारी भीती शमवण्यासाठी तीच कृती पुन्हा पुन्हा केली जाते.

झोपेत काय बदलते?

ओसीडीच्या रुग्णांची झोप अनेकदा कमी भरते, असे अभ्यासांत आढळले आहे. त्रास तीव्र असलेल्या काहींचे तर झोपेचे वेळापत्रकच पुढे सरकते. मध्यरात्रीनंतर खूप उशिरा झोप लागते आणि जागही उशिरा येते. कुलूप तपासण्यात, हात धुण्यात वेळ जातो, हे एक कारण. दुसरे शरीराच्या घड्याळाचे असू शकते. हे घड्याळ सकाळच्या उजेडावर जुळते. उशिरा उठणाऱ्याला तो उजेड मिळत नाही आणि पुढची रात्रही लांबते.

उशिराचा उलट परिणाम होतो का?

अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांना झोपेची नोंद ठेवायला सांगितली. आदल्या रात्री झोपायला जितका उशीर, तितका दुसऱ्या दिवशी विचारांवरचा ताबा कमी वाटतो, असे त्यांना दिसले.

वाशिमसारख्या जिल्ह्यात हे लक्षात का येत नाही?

शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असली की हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. त्यामुळे जागरणाचे कुणाला नवल वाटत नाही. फरक असा, की ओलिताचे काम संपल्यावर शेतकरी झोपतो. मंत्रचळ असलेल्याचे 'पंप खरेच बंद केला का?' हे संपत नाही. सकाळी तो उठला नाही की घरचे त्याला आळशी ठरवतात.

उपाय काय?

नुसत्या झोपेच्या गोळीने ओसीडी बरा होत नाही. भीती वाटत असतानाही तपासणी टाळण्याचा टप्प्याटप्प्याने सराव करून घेणारी उपचारपद्धती आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे, हे मुख्य उपचार. औषधांचा परिणाम दिसायला साधारण 8 ते 12 आठवडे लागू शकतात. त्यांतल्या काहींनी झोप उडते. तसे झाल्यास गोळी मनाने बंद न करता घेण्याची वेळ डॉक्टरांना विचारावी. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. घरच्यांनी दर वेळी 'हो, बंद आहे' असा दिलासा देत राहिल्यास विकाराला खतपाणीच मिळते.

मदत कुठे?

जिल्हा रुग्णालयांमार्फत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला जातो. मानोरा किंवा रिसोडहून लगेच वाशिम गाठणे जमत नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या 'टेली मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.