थ्री-नॉट-थ्री रायफलीचे मूलस्थान आणि तिच्यावरील अक्षरे

पुणे शहराला लागून असलेल्या खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथे तयार झालेल्या .३०३ इंची काडतुसांच्या बुडावर ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे ठशाने उमटविलेली आढळतात. त्यांतील ‘के’ हे ‘किर्की’ या खडकीच्या इंग्रजी रूपाचे आद्याक्षर होय. तथापि अशी काडतुसे एखाद्या जुन्या लष्करी रायफलीसोबत सापडली, म्हणून ती रायफल खडकीची ठरत नाही. शस्त्र आणि त्यात भरावयाचे काडतूस यांची जन्मस्थाने भिन्न असू शकतात, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

रायफलीची साक्ष तिच्या स्वतःच्या अंगावर असते. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व हिंदी सैन्यांनी वापरलेल्या ली-एनफील्ड या बोल्टच्या रायफलीचा १९०७ मध्ये स्वीकृत झालेला नमुना विशेष प्रसिद्ध आहे. तिच्या दस्त्याच्या मानेवर धातूचे एक कडे असते. त्यावर राजमुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना असा क्रम दिसतो. हा एक छोटा कोरीव लेखच होय, आणि त्याचे वाचन ताम्रपटाच्या वाचनासारखेच करावे लागते. ताम्रपटातील राजाचे नाव शासन कोणाचे ते सांगते. पत्रा कोणी कोरला ते सांगत नाही. येथेही मुकुट केवळ सत्तेचा निर्देश करतो. निर्माता कोण हे त्याखालील नावावरून कळते. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडलेल्या रायफलींवरही मुकुट आहेच. मात्र तेथील ‘जी. आर. आय.’ या अक्षरांतील शेवटचे अक्षर राजाच्या सम्राटपदाचे द्योतक आहे. बाणासारखी खूण सरकारी मालकी दर्शविते, जन्मस्थान नव्हे.

वर्षाविषयीही सावधगिरी हवी. मराठीत ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून, ‘बंदूक’ अरबी-फारसीतून आणि ‘रायफल’ इंग्रजीतून आली. तिन्ही शब्द एका वाक्यात नांदतात म्हणून त्यांचे मूळ एक होत नाही. दुरुस्त झालेल्या रायफलीच्या भागांचेही तसेच आहे. कड्यावरील वर्ष एक, नळीवरील दुसरे, असे वारंवार घडते. यासाठी बोल्टच्या दांडीमागील क्रमांक सांगाड्यावरील व नळीवरील क्रमांकांशी ताडून पाहावा. ते जुळले नाहीत, तर त्या शस्त्राला एकच जन्मवर्ष देता येत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात इशापूरच्या ठशांत मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहमुद्रेने घेतली. पुढे १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर तेथे ‘२ ए’ हा नमुना निघाला. बाह्य रूपाने तो १९०७ च्या रायफलीसारखाच भासतो. परंतु त्याचे काडतूस ७.६२ मिलिमीटरचे आहे. म्हणून केवळ आकृतीवरून ओळख पटविणे चुकीचे, आणि काडतुसाच्या बाबतीत धोक्याचेही ठरते.

सारांश, नोंदीत सत्तेची, निर्मात्याची, मालकीची व दुरुस्तीची खूण स्वतंत्रपणे लिहावी, आणि निष्कर्ष त्यानंतर काढावा. मुकुट दिसताच ‘विलायती’ असा शेरा मारल्यास इशापूरच्या कारागिरांचे काम त्यांच्याच देशातील नोंदवहीतून पुसले जाते.