सरकारी अनुदान आणि लहान संस्था: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वयंसेवी संस्थांना सरकारने पैसा देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं, दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि देशभरातल्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणं हे मंडळाचं प्रमुख काम ठरलं. सरकारी यंत्रणेचा हात पोचत नाही तिथे स्थानिक माणसं पोचतात, हा त्यामागचा विचार होता. तो आजही खरा आहे. ज्येष्ठांची निवासगृहं, व्यसनमुक्ती केंद्रं, दिव्यांगांच्या विशेष शाळा, नाट्यसंस्थांचे प्रयोग अशा कितीतरी कामांसाठी सरकारी योजना आहेत. तरीही तालुक्याच्या गावी मनापासून राबणाऱ्या अनेक संस्था अर्जच करत नाहीत, किंवा करतात आणि पहिल्याच छाननीत बाद होतात. त्यांचं काम कमी पडतं असं नाही. ऐकीव समजुती आड येतात. त्यातल्या सहा इथे घेतल्या आहेत.

गैरसमज १: संस्थेची नोंदणी झाली, म्हणजे आपण अनुदानाला पात्र.

वस्तुस्थिती: नोंदणी ही फक्त पहिली पायरी आहे. महाराष्ट्रात बहुतेक संस्थांकडे दोन प्रमाणपत्रं असतात: १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालचं. केंद्राच्या योजनेसाठी त्यापुढे नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो आणि पैसा पीएफएमएस या प्रणालीतून येत असल्याने तिथेही संस्थेची नोंद लागते. बऱ्याच योजना संस्था किमान काही वर्षं जुनी असावी आणि मागच्या वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब असावेत, अशी अट घालतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो विश्वस्तांच्या यादीत. अध्यक्ष बदलले, सचिव वारले, नवी कार्यकारिणी निवडून आली. पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, दाखलच झाला नाही. कायद्यानुसार तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो. तो राहिला की धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत एक यादी, बँकेत दुसरी आणि दर्पणवर तिसरी, अशी अवस्था होते. छाननी करणाऱ्याला समोरच्या कागदापलीकडे जाता येत नाही. सही करणारी व्यक्ती अधिकृत आहे हे कागदावरून ठरलं नाही, तर अर्ज तिथेच थांबतो.

गैरसमज २: काम चांगलं असलं की पैसा मिळतोच, प्रस्ताव म्हणजे नुसती औपचारिकता.

वस्तुस्थिती: केंद्र सरकारचे २०१७चे सामान्य वित्तीय नियम सांगतात की, अनुदान ठोस, व्यवहार्य आणि पुरेशा तपशिलाने आखलेल्या योजनेलाच द्यावं. म्हणजे स्पर्धा संस्थांच्या पुण्याईची नसते, आराखड्यांची असते. मंजुरी देणाऱ्या समितीने तुमचं गाव पाहिलेलं नसतं. तुमचा प्रस्ताव हेच तिचं गाव.

‘ऊसतोड कामगारांची मुलं शिक्षणापासून वंचित आहेत’ हे वाक्य खरं आहे, पण ते बीडपासून अहिल्यानगरपर्यंत कोणीही लिहील. त्याऐवजी सांगा: कोणती गावं, दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर किती मुलं जातात, त्यातली किती कोणत्या इयत्तेत आहेत, मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर किती जणांची शाळा सुटते. हे आकडे मिळवायला मोठी पाहणी लागत नाही. शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीची नोंदवही, ग्रामपंचायतीची कागदपत्रं आणि घरोघर फिरून केलेली यादी यांतून ते उभे राहतात. मग त्या मुलांसाठी नेमकं काय करणार, कोण करणार, कोणत्या महिन्यात, आणि वर्षअखेर काय बदललेलं दिसेल, हे ओळीने यावं.

अंदाजपत्रकातला प्रत्येक आकडा या कामाशी जुळला पाहिजे. मजकुरात दोन शिक्षिका आणि खर्चाच्या तक्त्यात चौघींचं मानधन, असं असेल तर वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. ‘किरकोळ खर्च’ या नावाखाली मोठी रक्कम टाकणंही तसंच. भाषेचं दडपण मात्र नको. राज्य सरकारचा कारभार मराठीत चालतो. राज्याच्या योजनेसाठी स्वच्छ, साध्या मराठीत लिहिलेला प्रस्ताव कुठेही कमी ठरत नाही. केंद्राकडे हिंदीत किंवा इंग्रजीत लिहावं लागतं, पण तिथेही साधेपणाच कामी येतो.

गैरसमज ३: ओळख आणि टक्केवारी यांशिवाय काही होत नाही.

वस्तुस्थिती: या समजुतीवर दलाल जगतात. ‘फाइल मी पास करून देतो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हाला फुकट करता येणारं कामच पैसे घेऊन करत असतो. शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. सामाजिक न्याय खात्याच्या अनेक केंद्रीय योजनांचे अर्ज ई-अनुदान पोर्टलवर ऑनलाइन भरले जातात. गैरप्रकार होतच नाहीत, असा माझा दावा नाही. पण त्यावर उपाय आहेत. अर्ज का नाकारला हे २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येतं. कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. शिवाय अनुदानातून टक्केवारी दिली, तर तेवढ्या रकमेची खोटी व्हाउचर करावी लागतात आणि त्यांवरची सही संस्थेच्या पदाधिकाऱ्याची असते, दलालाची नाही.

गैरसमज ४: एफसीआरए आणि ८०जी असल्याशिवाय सरकार दारात उभं करत नाही.

वस्तुस्थिती: एफसीआरए परकीय निधीसाठी आहे. ८०जी नावाने ओळखली जाणारी मान्यता देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून आहे. सीएसआर-१ ही एप्रिल २०२१ पासूनची नोंदणी कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी आहे. सरकारी अनुदानाला यातलं काय लागतं, ते त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचना ठरवतात. त्या शेवटच्या पानापर्यंत वाचा आणि तेवढेच कागद जमवा.

गैरसमज ५: मंजुरी मिळाली की सगळा खर्च सरकारचा, आणि तोही आधी हातात.

वस्तुस्थिती: अनेक योजनांत संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागतो. दिव्यांगांसाठीच्या दीनदयाळ पुनर्वसन योजनेत अनुदानाची मर्यादा ठरवून दिलेल्या खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत आहे. पैसा हप्त्यांत येतो आणि उशीरही होतो. कर्मचाऱ्यांचे पगार काही महिने भागवता येतील एवढी गंगाजळी नसेल, तर मोठ्या रकमेच्या मोहात पडू नका. एकाच कामासाठी दोन खात्यांकडून गुपचूप पैसे घेता येत नाहीत. तसा अर्ज दुसरीकडे केलेला नाही, असं अर्जदाराला लिहून द्यावं लागतं. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे अर्ज करायला हरकत नसते.

गैरसमज ६: पैसा एकदा खात्यावर आला की तो संस्थेचा.

वस्तुस्थिती: तो जनतेचा पैसा राहतो. केंद्रीय अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही सरकारकडे परत जातं. त्या पैशातून घेतलेली गाडी किंवा यंत्रं परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, द्यावं लागतं. दरवर्षी मिळणाऱ्या अनुदानात पुढच्या वर्षाच्या मंजूर रकमेपैकी ७५ टक्क्यांच्या वरचा पैसा मागच्या वर्षाचं यूसी आणि लेखापरीक्षित हिशेब आल्याशिवाय सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये स्पष्ट केलं की, सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या स्वयंसेवी संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. ज्यांची वही स्वच्छ आहे त्यांना याची भीती वाटण्याचं कारण नाही.

या सगळ्यातून एकच गोष्ट पुढे येते. अनुदानाची तयारी जाहिरात आल्यावर सुरू होत नाही. ती रोजकीर्द, इतिवृत्त आणि हजेरीच्या वहीत वर्षभर चालू असते. शहरातल्या मोठ्या संस्थेकडे प्रस्ताव लिहिणारी पगारी माणसं असतात हे खरं. पण आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घराची माहिती तिच्याकडे नसते. ती तुमच्याकडे आहे.

म्हणून कार्यकारिणीच्या पुढच्याच बैठकीत एवढं करा: विश्वस्तांची नावं सगळीकडे जुळतात का ते पाहा, राहिलेला बदल अर्ज दाखल करा, मागच्या तीन वर्षांची लेखापरीक्षणं एका फाइलमध्ये लावा आणि आपल्या कामाचे आकडे नोंदवण्याची जबाबदारी एकाला नावानिशी द्या. अर्ज नाकारला गेला तर कारण मागवा, उणीव भरून काढा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.